विद्यानगर, म्हणजे पुलापलीकडचं कराड : या आणि आठवणी टाका

नदीपल्याड
परवा कोल्हापूरहून पुण्याला येताना मलकापूरला उड्डाणपुलाच्या कामात अडकलो. पाऊण तास. शेवटी बायको म्हणाली, लग्न झाल्यापासून कराड कराड ऐकतेय, आता दारातच आलोय तर दाखव की एकदा तुझं ते कॉलेज. घातली गाडी आत. दत्त चौक ओळखीचा, कृष्णा नाका ओळखीचा, पूल आला तसा मी रंगात येऊन सांगायला लागलो, बघ आता, पूल संपला की पुढं नुसता ऊस. पूल संपला. ऊस कुठाय? झेरॉक्स, रूम, पैसे भरून बसायची अभ्यासिका, परत रूम, केकचं दुकान. गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगच्या गेटापर्यंत पोचायला दोनदा रस्ता विचारला, जिथं चार वर्षं काढली (८८ ते ९२) तिथं. बायको काहीच बोलली नाही ते जास्त लागलं.

आमच्या वेळी रूमच्या खिडकीला ऊस घासायचा. हंगामात रात्री बैलगाड्या कारखान्याला जायच्या, सबमिशनची रात्र, दीड-दोन वाजलेले, घुंगरं वाजली की ड्रॉइंग शीट टाकून आम्ही गाडीमागे. दोन-चार उसं ओढायची आणि पळायचं. गाडीवान झोपलेला असायचा. किंवा झोपल्यासारखं करायचा, आता वाटतं दुसरंच खरं असणार.

तर लिहा. कुठल्याही कॉलेजचे असा, गावातले असा, शिकला नसाल नुसते राहिला असाल तरी चालेल.

मसाला_कमी
अख्खा मसूर. एवढंच लिहिते, बाकी कुकर झाल्यावर.

सैदापूरची_लेक
खिडकीला घासणारा तो ऊस आमचा असू शकतो 😄

आम्ही सैदापूरचे. पत्त्यात विद्यानगर आणि घरपट्टी सैदापूर ग्रामपंचायतीला, बाहेरच्यांना हे कधी कळत नाही, सगळे कराडच म्हणतात. आजी होती तोवर घरात मेस. तिला लिहिता येत नव्हतं, मग उधारी आणि खाडे ती भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवायची, प्रत्येक पोराची वेगळी जागा. नावं पण तिचीच, ‘मेकॅनिकलचा लांबडा’, ‘भाकरी न खाणारा’, ‘जळगावचा’, ‘दुसरा जळगावचा’. सगळे तिला आक्का म्हणायचे, मी लहान होते तर मला वाटायचं एवढे सगळे माझे काकाच आहेत, शाळेत बाईंना सांगितलं होतं की मला बावीस काका. दिवाळीत भिंत रंगवायला घेतली की घरात भांडण, आजी म्हणायची आधी माझा हिशोब उतरवा मग चुना लावा. आबा वही घेऊन बसायचे.

आणि हो, माळ्यावर अजून तीन ट्रंका पडून आहेत. शेवटच्या वर्षी पोरं म्हणायची आक्का राहू दे, पुढच्या महिन्यात येऊन नेतो. कुलपासकट आहेत.

नदीपल्याड
@सैदापूरची_लेक ट्रंकांचे रंग सांगा. सहज विचारतोय.

चावडीचौक
चला, पेठेतला माणूस आल्याशिवाय धागा पुरा व्हायचा नाही.

राग मानू नका, पण पुलापलीकडच्यांचं कराड म्हणजे मेस, रूम आणि प्रीतिसंगमावरची, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरची, भेळ. सांगा बरं, चार वर्षांत किती जण पंताच्या कोटात गेलात? नकट्या रावळाची विहीर बघितलीत? जुम्मा मशिदीचे मनोरे नुसते लांबून. अहो मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर करहकटच्या लोकांनी दान दिल्याचे शिलालेख आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या गावचा माणूस तिकडं जाऊन देणगी देऊन आलाय आणि पावती दगडावर घेतलीय. आगाशिवची लेणीही त्याच बौद्ध काळातली. आणि इकडं कुणी विचारलं कराडचा इतिहास काय, तर म्हणे इंजिनिअरिंग कॉलेज १९६० साली निघालं.

आम्ही लहानपणी पुलापलीकडं फक्त मयताला नाहीतर वांगी आणायला जायचो. कृष्णाकाठची वांगी, ती काटेरी, भरायची.

उनाड_१९९४
@चावडीचौक विहीर बघितलीय! पायऱ्या उतरून पार खाली. इतिहासासाठी नव्हे, वायवा चुकवायला. उन्हाळ्यात तिथं जो गारवा असतो काय सांगू.
बाकी काका, कराड की कऱ्हाड?

चावडीचौक
कऱ्हाड. ज्याला ‘ऱ्ह’ म्हणता येत नाही त्यानं कराड म्हणावं.

मलकापुरी
एसटीच्या पाटीवर कराड आहे. विषय कट.

जुना_सिव्हिल
मी हे बोलून टाइप करतोय त्यामुळे चुका झाल्या तर त्या मोबाईलच्या समजा. वय ऐंशीला आलं.

माझा प्रवेश १९६४ चा, इंटर सायन्स करून. तेव्हा विद्यानगर म्हणजे कॉलेजच्या इमारती, हॉस्टेल आणि माळ. आमच्या आधीची सुरुवातीची मुलं पुणे विद्यापीठातली होती, कारण १९६० ला आमचं कॉलेज निघालं तेव्हा शिवाजी विद्यापीठच नव्हतं, ते ६२ चं. ती मुलं आम्हाला ऐकवायची, आम्ही पुण्याचे, तुम्ही कोल्हापूरचे. बसायचे एकाच खानावळीत.

पण मला सांगायचंय ते ११ डिसेंबर १९६७ चं. सोमवार. मी शेवटच्या वर्षाला. पहाटे सव्वाचार होऊन गेलेले, थंडी मी म्हणत होती, आणि कॉट सरकली. आधी वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय, हॉस्टेलला तसले प्रकार चालायचेच. मग आवाज आला. तो आवाज मला आजही सांगता येत नाही, मालगाडी अंगावरून जावी पण जमिनीखालून, असं काहीतरी. सप्टेंबरात एक धक्का बसून गेला होता म्हणून दोघातिघांना लगेच उमजलं, ते ओरडत सुटले, बाकीचे आम्ही मागनं. कुणाच्या अंगावर काय होतं ते विचारू नका. मैदानात शंभरभर पोरं कुडकुडत उभी आणि एकाच्या हातात फक्त टी-स्क्वेअर. का उचलला त्याला स्वतःलाच माहीत नाही, पण पुढं सबंध वर्ष त्याला त्याच नावानं हाक मारायचे.

उजाडायच्या सुमाराला बोंब उठली, कोयना धरण फुटलं. आता बघा, कोयना इथं येऊनच कृष्णेला मिळते, समोरासमोर. धरण फुटलं तर पाणी पहिलं कुठं येणार हे शाळेतल्या पोरालाही कळत होतं. लोक गाठोडी, शेळ्या, म्हातारी माणसं घेऊन ओगलेवाडीकडं, सदाशिवगडाच्या बाजूला निघाले. आम्ही सिव्हिलवाले तिथं उभे राहून वाद घालत होतो की ग्रॅव्हिटी धरण आहे, रबल काँक्रीटचं आहे, १०३ मीटर उंच आहे, असं फुटत नसतं. एक म्हातारी पाठीवर कोंबड्यांची पाटी घेऊन चालली होती, थांबली आणि म्हणाली, लेकरांनो, पुस्तक घिऊन वर चला, वर जाऊन वाचा. गेलो मुकाट्यानं.

धरण फुटलं नव्हतं. उंच भागात आडव्या चिरा गेल्या होत्या, नंतर जादा काँक्रीटचा आधार देऊन मजबुती केली, पुढं नोकरीत असताना त्याबद्दलचे कागद मी आवडीनं वाचले. पण धरणाजवळचं कोयनानगर भुईसपाट झालं होतं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या वर्गात एक पाटणच्या बाजूचा होता, तो त्याच दिवशी मिळेल त्या ट्रकनं गावाकडं गेला. परीक्षेला आला नाही. पुढच्या वर्षी आला, तेव्हा त्यानं काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आठवडाभर आम्ही मैदानातच झोपलो. रोज रात्री धक्के.

पाटणवाली
काका... 🙏 माझ्या आईकडून ऐकलंय सगळं. आमच्याकडं अजूनही घर बांधताना गवंड्याला पहिला प्रश्न कॉलम किती.

नदीपल्याड
जुना_सिव्हिल सर, दंडवत. हॉस्टेलात पहाटेच्या भूकंपाच्या गोष्टी आमच्यापर्यंत पोचल्या होत्या पण तोवर त्यात भूत वगैरे शिरलं होतं.

मसाला_कमी
कुकर झाला. हं तर. मी होते महिला महाविद्यालयात, ९७-२०००, रूम चौघींत. घरमालकीणबाई सात वाजता फाटक लावायच्या, सात म्हणजे सात, एकदा मी सात पाचला आले तर बाहेरच्या ओट्यावर पाऊण तास बसवलं आणि खिडकीतून विचारतात काय, ‘जेवलीस का?’ म्हणलं नाही. तर खिडकीतून ताट दिलं. फाटक नाही उघडलं!! ओट्यावर बसून आमटी-भात खाल्ला, येणारे-जाणारे बघतायत. तेव्हा रडले होते, आता सांगताना हसू येतं.

अख्खा मसूर पहिल्यांदा खाल्ला तो मैत्रिणीच्या वाढदिवसाला ढाब्यावर, वीस मुली एका वडापमध्ये (सीटवर चालणारी जीप). हो वीस. ड्रायव्हर अर्धा बाहेर होता.

उनाड_१९९४
वडापमध्ये वीस म्हणजे रिकामीच होती की ताई.

अवांतर_भाऊ
अख्खा मसूर भिजवायचा का नाही? बायको म्हणते भिजवला की सालं सुटतात.

मसाला_कमी
नाही भिजवायचा. भाजून घ्या कोरडा थोडा, मग शिजवा, आणि कांदा-लसूण चटणी घरचीच, गरम मसाला घातलात तर मी जबाबदार नाही.

मलकापुरी
नाव मसाला कमी आणि सल्ला चटणीचा 😂

रयतपुत्र
मी सद्गुरू गाडगे महाराज कॉलेजचा. कॉलेज १९५४ चं, म्हणजे तुमच्या इंजिनिअरिंगच्याही आधीचं, हे मुद्दाम लिहितो कारण विद्यानगर म्हटलं की सगळे जीसीईपासून, म्हणजे त्या गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगपासून, सुरू होतात. आणि आमच्या कॉलेजची रयत शिक्षण संस्थाच मुळात आपल्या तालुक्यातली, कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काले गावात काढली. चावडीचौक यांनी दोन हजार वर्षं सांगितली, हे शंभरच वर्षांचं आहे पण माझ्या घराला पुरलं.

मी ‘कमवा आणि शिका’मधला. सकाळी बागेत पाणी, झाडलोट, मग तास. खडूच्या धुळीपेक्षा मातीच जास्त अंगाला. इंजिनिअरिंगची पोरं सायकलीवरून जाताना बघायचो आणि वाटायचं ही वेगळीच जात आहे. एकदा त्यांच्यातलाच एक आमच्या बागेतला पेरू चोरताना मीच धरला. सोडून दिला, पण दोन पेरू परत घेतले. पुढं तोच मला गणित शिकवायला यायला लागला, दर रविवारी, फी एक पेरू.

वडील कधी कॉलेज बघायला आले नाहीत. एकदाच आले, ते ऊस घालायला आले होते तेव्हा वाटेत. बैल सोडले नाहीत, गाडीवरनंच बघितलं आणि म्हणाले, मोठं हाय की.

सैदापूरची_लेक
@रयतपुत्र 👌 शेवटची ओळ.
@नदीपल्याड एक हिरवी, एक काळी त्यावर पिवळा पट्टा, एक गंजलेली, रंग कळत नाही.

नदीपल्याड
काळी पिवळ्या पट्ट्याची. कडीला तार गुंडाळलेली आहे का?

सैदापूरची_लेक
आहे!!!

उनाड_१९९४
अरे बापरे. त्यात काय आहे ते आधी सांगा.

नदीपल्याड
मशीन डिझाइनचं पुस्तक, जे लायब्ररीचं आहे. एक स्वेटर. बाकी आठवत नाही. ताई, कृपा करून उघडू नका.

मसाला_कमी
‘बाकी आठवत नाही’ 🤭 ताई उघडा हो.

कंदील
स्टेशनबद्दल कुणीच लिहीना म्हणून लिहितो. नवीन पोरगं कराडला उतरायचं आणि बघायचं तर गावाचा पत्ता नाही. स्टेशन कराडचं पण आहे ओगलेवाडीला, गाव पाच किलोमीटर. आमचा चहाचा गाडा होता स्टेशनबाहेर, जून-जुलै आला की रोज तोच प्रश्न, काका कराड कुठाय. ट्रंक, गादीची वळकटी आणि सोबत बाप. बाप मंडळी आमच्याकडं चहा घ्यायची आणि हळूच विचारायची, इकडची मुलं कशी आहेत हो, सिगारेटी ओढतात का? म्हणायचो छे छे. गाड्यावर पाकिटं लपवून ठेवायचो.

ओगलेवाडी नाव ओगल्यांच्या काचकारखान्यामुळं. प्रभाकर कंदील. जुन्या लोकांना माहीत असेल, अर्ध्या महाराष्ट्रानं त्या कंदिलाखाली अभ्यास केलाय, आणि मग त्याच अर्ध्यातली पोरं आमच्या स्टेशनवर उतरली इंजिनिअर व्हायला. आज्जा कारखान्यात होता माझा.

चावडीचौक
व्वा. कंदिलाची काच आमच्याकडं अजून आहे, बूड गेलं.

मलकापुरी
तुम्ही सगळे पुलापलीकडचे, आम्ही हायवेपलीकडचे. १९८३ ला वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि राज्यभर खाजगी कॉलेजं उगवली, त्याच सुमाराला, ८४ ला, मलकापूरला कृष्णा मेडिकल आलं. तोवर विद्यानगरात बहुतेक आपल्याकडचीच पोरं, सांगली सातारा, फार तर खानदेश विदर्भ. मलकापूरला पार बाहेरच्या राज्यांतली यायला लागली. माझी आई, जिनं जन्मात गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ती हिंदी बोलायला लागली. ‘बेटा पाणी जपून वापरो, टाकी रिकामी होता है.’ त्या पोरांनी तीच हिंदी उचलली, आता कुठं कुठं मोठे डॉक्टर आहेत, फोन आला की म्हणतात, काकी टाकी रिकामी होता है क्या.

आता टाकीचा प्रश्न नाही, मलकापूरला मीटर लावून चोवीस तास पाणी आहे, दुसऱ्या गावांची माणसं बघायला येतात. आईला मात्र सवय, अजून बादल्या भरून ठेवते.

पाटणवाली
पाण्यावरून आठवलं, पुराचं लिहा कुणीतरी. २०१९ ला आमचे नातेवाईक कराडच्या पाटण कॉलनीत, घर सोडून विद्यानगरला भाचीच्या रूमवर सात माणसं. एका कॉटवर तीन. मालक वरून म्हणाले एका माणसाचं भाडं ठरलंय, आणि मग स्वतःच गाद्या आणून टाकल्या. तसे स्वभावानं चिडके.

अवांतर_भाऊ
खाशाबा जाधव पण कराडचेच ना? शाळेत होतं आम्हाला.

चावडीचौक
गोळेश्वर. कराडला लागूनच. शाळा कराडची, टिळक हायस्कूल. १९५२ हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक. आणि अर्जुन पुरस्कार २००० साली, माणूस ८४ ला गेल्यावर. लिहायला बसलो तर बोटं थांबायची नाहीत, जाऊ दे.

रयतपुत्र
२५ नोव्हेंबरला प्रीतिसंगमावर कोण कोण जायचं? आम्हाला कॉलेजातून नेत. यशवंतराव चव्हाण गेले ते ८४ साल, मी तेव्हा लहान, वडिलांच्या खांद्यावरून गर्दी बघितलेली अंधुक आठवते. नंतर कॉलेजात असताना त्या दिवशी समाधीवर सगळ्या पक्षांचे पुढारी ओळीनं यायचे आणि आम्ही कुणाची गाडी मोठी ते मोजायचो. बाकी वर्षभर तिथं परीक्षेचं टेन्शन आलेली पोरं आणि लग्न ठरलेली जोडपी.

उनाड_१९९४
लग्न न ठरलेली पण.

मसाला_कमी
ती आधी बागेत यायची, मग घाटावर, मग घरमालकीणबाईंपर्यंत बातमी. सातच्या आत.

जुना_सिव्हिल
एक राहिलं. त्या आठवड्यात आम्हाला मैदानावर पिठलं-भाकरी सैदापुरातून यायची. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे कुणी मागितले नाहीत. बायका पाट्यांतून आणायच्या. त्यातल्या कुणाचं नाव आम्ही विचारलं नाही, इंजिनिअर होणार होतो ना.

सैदापूरची_लेक
काका, आजीचं लग्न होऊन ती ६५ ला सैदापुरात आलेली. ती सांगायची, भूकंपाच्या वेळी पोरं उघडी झोपायची, तिथनं मेसची सवय लागली. आम्हाला वाटायचं उगाच सांगते.

जुना_सिव्हिल
लसणाची चटणी असायची सोबत. फार तिखट.

सैदापूरची_लेक
मग तीच.

चिंताग्रस्त_बाबा
नमस्कार, धागा छान. मुलाला पॉलिटेक्निकला मिळालंय, सोमवारी हजर व्हायचंय. विद्यानगरात कॉट बेसिसवर रूम कुठं बघावी? मेस घरगुती हवी. तो भाकरी खात नाही.

मलकापुरी
भाकरी न खाणारा! भिंतीवर जागा ठेवा ताई 😂

सैदापूरची_लेक
मेस बंद झाली हो आमची, पण शेजारच्या काकी करतात, मेसेज करते. चपाती मिळेल. पहिला महिना.

@नदीपल्याड, भाऊ माळ्यावर चढलाय. तार सोडवू का पोस्टानं तशीच पाठवू?

नदीपल्याड
येतो मी. या रविवारी. तार सोडवू नका.

उनाड_१९९४
पुढच्या महिन्यात येऊन नेतो म्हणाला होतात.